वजाबाकीत उरलेल्या अवस्था

१ − ६ + ९ − २ = २.

ही आकडेमोड दुसरी-तिसरीतल्या मुलालाही जमेल. तिच्यातून निघणारं विधान मात्र भौतिकशास्त्रातलं आहे. सहा जागांचं एक वर्तुळ घ्या. त्यावर एकमेकांच्या शेजारी कधीही न बसणारे फर्मिऑन सोडा आणि त्यांचे परस्परांवरचे परिणाम एका ठरावीक प्रमाणात जुळवा. अशा व्यवस्थेला शून्य ऊर्जेच्या निदान दोन अवस्था असतात, आणि त्याहून खालची ऊर्जा तिला शक्यच नसते. हे सांगण्यासाठी श्रोडिंगरचं समीकरण सोडवावं लागलं नाही, संगणक लावावा लागला नाही आणि अंदाजे काही सोडूनही द्यावं लागलं नाही.

यात नवल काय, हे कळायला एरवी काय परिस्थिती असते ते पाहावं लागेल. धातूतले इलेक्ट्रॉन हे फर्मिऑन. एका जागी, एका स्थितीत, एकच मावतो. प्रत्येक जागा भरलेली किंवा रिकामी एवढाच हिशेब ठेवला, तरी ५० जागांसाठी सुमारे सव्वा अकरा लाख अब्ज मांडण्या होतात. इलेक्ट्रॉन एकमेकांची दखल घेत नसते, तर एकेकाचा स्वतंत्र विचार करून काम भागलं असतं. पण ते एकमेकांना ढकलतात, आणि ढकलाढकली जोरदार असली की एकाचा हिशेब दुसऱ्यापासून सुटा करता येत नाही. १९६३ साली जॉन हबर्ड यांनी याच कामासाठी एक प्रारूप मांडलं. त्यात इलेक्ट्रॉन शेजारच्या जागेवर उडी मारू शकतो, आणि एकाच जागेवर वेगवेगळ्या स्थितींतले दोघे आले तर दंड पडतो. बाकी काही नाही. एका रेषेत मांडलेल्या जागांसाठी एलियट लीब आणि एफ. वाय. वू यांनी १९६८ मध्ये ते अचूक सोडवलं. पृष्ठभागावर पसरलेल्या जागांसाठी ते आजही सुटलेलं नाही. १९८६ मध्ये तांब्याच्या ऑक्साइडांमध्ये उच्च तापमानाची अतिवाहकता सापडल्यापासून अनेकांना वाटत आलंय की तिची किल्ली याच न सुटलेल्या गणितात आहे.

संगणक लावावा, तर तिथे फर्मिऑनचं उणे चिन्ह आडवं येतं. दोन फर्मिऑनांची अदलाबदल केली की अवस्थेचं चिन्ह बदलतं. मग ज्या राशी संभाव्यता समजून नमुने घ्यायचे, त्यांतल्या काही ऋण निघतात, प्रचंड धन आणि प्रचंड ऋण आकडे एकमेकांना खात राहतात आणि खरं उत्तर त्या गदारोळात हरवतं. या क्षेत्रातले लोक याला चिन्हाचं संकट म्हणतात. या लेखातल्या प्रारूपांची गंमत अशी की त्यांनी ह्याच उणे चिन्हाला कामाला लावलं.

त्यासाठी जी कल्पना उसनी आणली, ती कणभौतिकीतली आहे: अतिसममिती, सुपरसिमेट्री. निसर्गातले कण दोन जातींचे. गर्दी करणारे बोसॉन आणि एकलकोंडे फर्मिऑन. एका जातीला दुसऱ्या जातीत बदलणारी सममिती असू शकते का? १९७१ मध्ये मॉस्कोत गोल्फंड आणि लिख्टमन यांनी, थोड्याच काळात खारकीव्हमध्ये व्होल्कोव्ह आणि अकुलोव्ह यांनी, आणि १९७४ मध्ये युलियस वेस आणि ब्रुनो झुमिनो यांनी अशा सममितीचं गणित मांडलं. ते इतकं देखणं होतं की पुढची पिढी ते निसर्गात असणारच असं जवळपास धरून चालली. प्रत्येक ज्ञात कणाला एक अतिसममित जोडीदार असावा, आणि तो जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या त्वरकात दिसावा, अशी आशा होती. तिथे २०१२ मध्ये हिग्ज कण मिळाला. अतिसममित जोडीदार एकही मिळालेला नाही.

संघनित द्रव्याच्या, म्हणजे घन-द्रव पदार्थांच्या, अभ्यासकाला याचं फारसं दुःख नसतं. निसर्गात अतिसममिती आहे का, हा प्रश्न त्याच्यापुढे नाहीच. तो स्वतःच प्रारूप रचतो, आणि रचतानाच त्यात अतिसममिती घालतो. ही वाट सर्वांत आधी हेर्मान निकोलाई यांनी धरली. १९७६ मध्ये कार्ल्सरूह इथून त्यांनी स्पिन-व्यवस्था आणि अतिसममिती यांवर एक छोटा लेख लिहिला आणि जालकावरच्या, म्हणजे ठरावीक जागांच्या जाळीवरच्या, फर्मिऑनांचं एक अतिसममित प्रारूप दाखवलं. पुढे ते पॉट्सडॅमच्या आल्बर्ट आइनस्टाइन संस्थेचे संचालक झाले. तो लेख बराच काळ पडून राहिला. १९८१-८२ मध्ये प्रिन्स्टनच्या एडवर्ड विटन यांनी अतिसममित पुंजयामिकी पुढे आणली तेव्हा या विषयाला खरी गती आली. त्या शाखेवर फ्रेड कूपर, अविनाश खरे आणि उदय सुखात्मे यांनी १९९५ मध्ये लिहिलेला प्रदीर्घ आढावा जगभर वापरला जातो. त्यांतले खरे नंतरच्या काळात पुण्यात काम करत होते.

विटन यांच्या मांडणीचा गाभा एका परिच्छेदात मावतो. ‘क्यू’ नावाची एक कृती घ्या, जी व्यवस्थेत एक फर्मिऑन घालते. तिची जोडकृती एक फर्मिऑन काढून घेते. अट एवढीच की क्यू लागोपाठ दोनदा केली तर हाती शून्य यावं. आता व्यवस्थेची ऊर्जा मुद्दाम अशी ठरवा: ‘घालून काढणे’ अधिक ‘काढून घालणे’. एवढ्यावरून तीन गोष्टी आपोआप निघतात. पहिली, ऊर्जा ऋण होऊ शकत नाही, कारण ती दोन वर्गांची बेरीज ठरते. दुसरी, ज्या अवस्थेची ऊर्जा शून्याहून जास्त, तिला तेवढ्याच ऊर्जेची जोडीदार अवस्था असते, आणि दोघींच्या फर्मिऑनांच्या संख्येत एकाचा फरक असतो. तिसरी, शून्य ऊर्जेची अवस्था एकटी असते. क्यू आणि तिची जोडकृती, दोन्ही तिच्यावर काही करू शकत नाहीत.

आता सम संख्येनं फर्मिऑन असलेल्या सगळ्या अवस्था मोजा आणि त्यांतून विषम संख्येच्या अवस्था वजा करा. जोड्या आपापसांत कटतात, कारण प्रत्येक जोडीत एक सम आणि एक विषम. उरतात त्या फक्त शून्य ऊर्जेच्या. या वजाबाकीच्या उत्तराला विटन निर्देशांक म्हणतात. तो काढताना कुठल्या अवस्थेची ऊर्जा किती हे माहीत असण्याची गरजच नाही. किती फर्मिऑनांच्या किती मांडण्या होतात एवढं कळलं की झालं. एक पथ्य मात्र पाळायचं. उत्तर शून्य आलं तर त्यातून काहीच कळत नाही. शून्य ऊर्जेच्या अवस्था नसतील, किंवा दोन्हीकडे सारख्या असल्यामुळे त्याही कटल्या असतील.

२००३ मध्ये पॉल फेंडली, करेलयान स्कौटेन्स आणि यान दे बूर यांनी हा सांगाडा जालकावर चढवला, तो अगदी साध्या नियमानं. करोनाच्या काळात नाट्यगृहात शेजारच्या खुर्च्या रिकाम्या ठेवूनच बसावं लागे, तसा नियम. एखाद्या जागी फर्मिऑन घालायचा तर त्या जागेच्या सगळ्या शेजारच्या जागा मोकळ्या हव्यात. क्यू म्हणजे ‘जिथे जिथे नियमात बसतं तिथे तिथे एक फर्मिऑन घालणे’ या सगळ्या शक्यतांची बेरीज. हिला दोनदा लावलं तर शून्य का? कारण तिसऱ्या जागी घालून मग पाचव्या जागी घालणं, आणि पाचव्या जागी घालून मग तिसऱ्या जागी घालणं, या दोन्हींत शेवटची मांडणी तीच, पण चिन्हं उलट. फर्मिऑनांचा क्रम बदलला की उणे येतं. प्रत्येक जोडी कटते आणि काही उरत नाही. दुसरीकडे संकट ठरणारं उणे चिन्ह इथे पायाचा दगड आहे.

या क्यूपासून ऊर्जेचं सूत्र काढलं की ते कृत्रिम वाटेल अशी भीती असते. प्रत्यक्षात निघतं ते ओळखीचं. फर्मिऑन शेजारच्या जागेवर उडी मारू शकतो, जर तिथले इतर शेजारी रिकामे असतील. एका रेषेत मांडलेल्या जागांवर, प्रत्येक फर्मिऑनमागे ऊर्जा दोन एककांनी उतरते, पण दोन फर्मिऑन एकाच जागेचं अंतर ठेवून बसले तर एक एकक दंड पडतो. उडी, अपाकर्षण आणि फर्मिऑनांची संख्या ठरवणारी एक राशी. कुठल्याही संघनित द्रव्याच्या अभ्यासकानं हाच मसाला घेतला असता. अतिसममितीनं फक्त त्यांची प्रमाणं बांधून दिली.

तीन जागांचं वर्तुळ हातानं सोडवता येतं. तिथे प्रत्येक जागा उरलेल्या दोन्हींची शेजारी, म्हणून एकच फर्मिऑन मावतो. मूलभूत अवस्था चार: रिकामं वर्तुळ, आणि फर्मिऑन पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी. रिकाम्या वर्तुळावर क्यू लावली की तिन्ही शक्यतांची सारखी बेरीज मिळते. ही बेरीज आणि रिकामं वर्तुळ ही जोडी. दोघांची ऊर्जा ३. उरल्या दोन अवस्था, ज्यांत फर्मिऑन तिन्ही जागांवर असा विभागलेला आहे की गुणकांची बेरीज शून्य येते, उदाहरणार्थ पहिल्या जागी अधिक एक आणि दुसऱ्या जागी उणे एक. दोघींची ऊर्जा शून्य. निर्देशांक: १ वजा ३, म्हणजे उणे दोन. दोन अवस्था, आणि उणे चिन्ह सांगतं की त्यांत फर्मिऑनांची संख्या विषम आहे.

सहा जागांचं वर्तुळ घेतलं की सुरुवातीचे आकडे मिळतात. एकही फर्मिऑन नाही, अशी १ मांडणी. एक फर्मिऑन, ६ मांडण्या. दोन फर्मिऑन: एकूण १५ जोड्यांतून शेजारच्या ६ गेल्या, उरल्या ९. तीन फर्मिऑन: एकाआड एक, २ मांडण्या. जोड्या लावा. रिकामं वर्तुळ एका फर्मिऑनच्या एका अवस्थेला घेऊन जातं, उरलेल्या पाच दोन फर्मिऑनांच्या पाचांशी जुळतात, तिथे राहिलेल्या चारांतल्या दोन तीन फर्मिऑनांच्या दोघांशी. दोन अवस्थांना जोडीदार मिळत नाही. त्यांत फर्मिऑन दोन, म्हणजे सहा जागांचा एक तृतीयांश. हे प्रमाण लांब वर्तुळातही टिकतं. जागांची संख्या तीनच्या पटीत असली की शून्य ऊर्जेच्या दोन अवस्था, नसली की एक.

जी वजाबाकी आपण केली, ती सांख्यिकी भौतिकीच्या माणसानं वेगळ्या वेशात पाहिलेली असते. जालकावर एकमेकांच्या शेजारी न बसणाऱ्या कणांचा वायू हे त्या शास्त्रातलं जुनं प्रारूप. प्रत्येक कणामागे एक वजन धरायचं आणि सगळ्या मांडण्यांची बेरीज करायची. रॉडनी बॅक्स्टर यांनी १९८० मध्ये त्रिकोणी जालकावरचं हे गणित, ‘कठीण षट्‌कोण’ म्हणून ओळखलं जाणारं, अचूक सोडवलं. चौकटीच्या जालकावरचं, ‘कठीण चौरस’, सर्वसाधारणपणे सुटलेलं नाही. विटन निर्देशांक म्हणजे हीच बेरीज, फक्त प्रत्येक कणाचं वजन उणे एक घेऊन.

ऋण वजनाचा वायू भौतिकदृष्ट्या निरर्थक वाटतो, कारण संभाव्यता ऋण नसते. पण गणनेच्या प्रश्नांत तो आधीच उपयोगी पडला होता, आणि तो धागा मुंबईचा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दीपक धर यांनी १९८२ मध्ये दाखवलं की जालकावर एका दिशेनं वाढणाऱ्या आकृत्या किती प्रकारच्या असू शकतात, हा प्रश्न बॅक्स्टर यांच्या कठीण चौरसांच्या वायूशी समतुल्य आहे. त्यात कणांचं वजन ऋण धरावं लागतं. पुढच्याच वर्षी त्यांनी कठीण षट्‌कोणांचं उत्तर वापरून तीन मितींतल्या अशा आकृत्यांची अचूक गणती केली. २०२२ मध्ये त्यांना बोल्ट्‌झमन पदक मिळालं; ते मिळवणारे ते पहिले भारतीय. धर यांना अतिसममितीशी देणंघेणं नव्हतं आणि फेंडली-स्कौटेन्स यांना त्या आकृत्यांशी. दोघांना ऋण वजनाचा वायू कामाला आला.

उणे एक या वजनाला चौकटीच्या जालकावर काय होतं, ते फेंडली, स्कौटेन्स आणि हेंड्रिक फान एर्टेन यांनी तपासलं आणि चक्रावून टाकणारं अनुमान मांडलं. दोन्ही दिशांना कडा जोडलेली चौकट घ्या, रांगा आणि स्तंभ यांच्या संख्यांत एकाशिवाय सामाईक विभाजक नको. मग ती अवाढव्य बेरीज नेमकी १ येते. ५ रांगा, ७ स्तंभ घ्या किंवा १००० रांगा, १००१ स्तंभ. मांडण्यांची संख्या कल्पनेपलीकडे जाते, धन आणि ऋण एकमेकांना जवळजवळ संपूर्ण खातात आणि मागे एक उरतो. स्वीडिश गणितज्ञ याकोब यॉनसन यांनी हे सिद्ध केलं. वेगळ्या मापांच्या चौकटींत किती अवस्था उरतात, हे त्यांनी पृष्ठभागावर समभुज चौकोनी फरशा बसवण्याच्या रीतींशी जोडून दाखवलं.

भौतिकीचा हा प्रश्न एका गणितज्ञाच्या हातात पडला, यामागे कारण आहे. नियमात बसणाऱ्या मांडण्यांना आकार देता येतो. प्रत्येक जागेसाठी एक बिंदू घ्या. ज्या दोन जागा एकाच वेळी भरता येतात त्यांच्यामध्ये रेघ ओढा; तीन जागा एकत्र भरता येत असतील तर भरीव त्रिकोण; चार असतील तर भरीव चतुष्फलक. आपल्या सहा जागांच्या वर्तुळातून सहा बिंदू, नऊ रेघा आणि दोन भरीव त्रिकोण मिळतात: पहिली, तिसरी, पाचवी जागा मिळून एक आणि दुसरी, चौथी, सहावी मिळून दुसरा. उरलेल्या तीन रेघा समोरासमोरच्या जागा जोडतात. म्हणजे त्रिकोणी लोलकाचा सांगाडा, ज्याचे दोन त्रिकोणी शेवट भरलेले आणि तिन्ही बाजू उघड्या. उघड्या बाजू तीन असल्या तरी स्वतंत्र भोकं दोनच, कारण दोन बाजूंच्या कडा ठाऊक झाल्या की तिसरीच्या त्यांतूनच मिळतात. शून्य ऊर्जेच्या अवस्थाही दोन. हा योगायोग नव्हे. शून्य ऊर्जेच्या अवस्था आणि या आकारातली भोकं यांचा हिशेब सगळीकडे एकच असतो. आकारांचं हे शास्त्र यॉनसन यांचं घरचं.

दोन मितींत शिरल्यावर या प्रारूपांनी जे दाखवलं ते माझ्या मते त्यांचं सर्वांत मोलाचं देणं आहे. त्रिकोणी जालकावर विटन निर्देशांक जागांच्या संख्येबरोबर घातांकानं वाढतो. फान एर्टेन यांच्या गणनेनुसार प्रत्येक जागेमागे तो साधारण १.१४ पटीनं वाढत जातो. शंभर जागांसाठी याचा अर्थ लाखांच्या घरातल्या शून्य ऊर्जेच्या अवस्था, आणि निर्देशांक ही किमान मर्यादाच. एकाही अवस्थेला दुसरीपेक्षा कमी ऊर्जा नाही. तापमान निरपेक्ष शून्यापर्यंत नेलं तरी व्यवस्थेनं एका अवस्थेत स्थिर व्हावं, असं तिला सांगणारं काही नाही.

असं उरलेलं अव्यवस्थितपण पूर्णपणे अनोळखी नाही. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनजवळ दोन हायड्रोजन असतात आणि दोन लांब, पण कोणते दोन जवळ हे अनेक रीतींनी ठरवता येतं. त्यामुळे थंड बर्फातही एन्ट्रॉपी शिल्लक राहते, हे लायनस पॉलिंग यांनी १९३५ मध्ये मांडलं. फरक असा की बर्फातला गोंधळ स्थिर मांडण्यांचा आहे. इथे फर्मिऑन पुंजयामिकीच्या नियमांनी सतत उड्या मारतायत. उड्या सुरू झाल्या की समान ऊर्जेच्या अवस्था सहसा फुटतात आणि त्यांतली एक खाली जाते, असा नेहमीचा अनुभव. इथे तसं घडत नाही, आणि घडत नाही याची हमी अतिसममिती देते. फेंडली आणि स्कौटेन्स यांनी या स्थितीला अतिकोंडी म्हणावं असं नाव दिलं. लिझा हाउस्से यांनी पुढे ॲमस्टरडॅममधल्या आपल्या प्रबंधात तिचा सविस्तर माग काढला.

कोंडी का होते, याचं फेंडली आणि स्कौटेन्स यांनी दिलेलं ढोबळ स्पष्टीकरण चांगलं आहे. फर्मिऑनांना जास्त संख्येनं यायचं असतं, कारण प्रत्येकामागे ऊर्जा उतरते. पण फार जवळ आले तर उड्या मारायला वाव राहत नाही आणि दंडही पडतो. या ओढाताणीत त्यांना एकमेकांपासून सुमारे तीन जागांचं अंतर सोयीचं पडतं. रेषेवर हे अंतर पाळणं सोपं: दर तीन जागांना एक. पृष्ठभागावर मात्र ‘सगळीकडे साधारण तीन’ हे असंख्य रीतींनी साधता येतं, आणि कुठलीच रीत दुसरीहून सरस ठरत नाही. चौकटीच्या जालकावर हा प्रकार सौम्य आहे. तिथे शून्य ऊर्जेच्या अवस्थांची संख्या क्षेत्रफळाबरोबर वाढत नाही. चौकटीच्या कडेच्या लांबीबरोबर घातांकानं वाढते. फर्मिऑन तिथे एक पंचमांश ते एक चतुर्थांश जागा भरतात.

एका मितीत अशी कोंडी नाही, पण तिथला खजिना वेगळा. तीनच्या पटीतलं लांब वर्तुळ क्रांतिक अवस्थेत असतं, म्हणजे शून्यापासून वर जाणाऱ्या ऊर्जांमध्ये मोठी फट राहत नाही. त्याचं वर्णन करणारा सिद्धांत अतिसममित सर्वसमरूप (लहान-मोठ्या मापांवर सारख्याच दिसणाऱ्या व्यवस्थांच्या) सिद्धांतांपैकी सर्वांत साधा. शिवाय हे प्रारूप चुंबकीय स्पिनांच्या एका प्रसिद्ध साखळीशी नातं सांगतं, जिच्यात एका स्थिरांकाची किंमत नेमकी उणे अर्धा असते. त्याच किमतीला २००१ मध्ये रझुमोव्ह आणि स्त्रोगानोव्ह या रशियन भौतिकशास्त्रज्ञांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. विषम संख्येच्या स्पिनांची सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था लिहा, तिच्यातला सर्वांत लहान गुणक १ धरा. मग बाकीचे गुणकही पूर्णांक निघतात, आणि त्यांतले सर्वांत मोठे, साखळी वाढवत नेली की, असे येतात: १, २, ७, ४२, ४२९.

हे आकडे गणितज्ञांना पाठ होते. ०, १ आणि उणे १ एवढ्याच संख्यांचा चौकोनी तक्ता भरा; प्रत्येक ओळीची आणि स्तंभाची बेरीज १ हवी, आणि शून्येतर संख्यांची चिन्हं एकाआड एक बदलायला हवीत. तीन बाय तीनचे असे तक्ते सात. सहांत उणे चिन्हच नाही; सातव्यात बरोबर मध्यभागी एकच उणे एक. चार बाय चारचे ४२. मिल्स, रॉबिन्स आणि रम्सी यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या गणनेचं सूत्र अंदाजानं सांगितलं. डोरॉन झाइलबर्गर यांची सिद्धता १९९६ मध्ये छापली गेली, तीही तपासणाऱ्यांची पलटण लावून. त्याच वर्षी ग्रेग क्युपरबर्ग यांनी भौतिकीतल्याच एका प्रारूपाच्या मदतीनं ती छोटी केली. मात्तेओ बेक्कारिया आणि दे आंजेलिस यांना २००५ मध्ये अतिसममित फर्मिऑनांच्या साखळीतही याच घराण्यातले आकडे दिसले. धन-ऋणाचा हा खेळ इतक्या वेगळ्या ठिकाणी पुन्हा का उगवतो, याची अर्धी उत्तरं आज हातात आहेत, आणि मला वाटतं उरलेली अर्धीच जास्त मजेची असतील.

आता रोखठोक प्रश्न. असा पदार्थ कुठे आहे का? सुरीनं कापता येईल असा नाही. उडी, अपाकर्षण आणि फर्मिऑनांची संख्या ठरवणारी राशी यांची प्रमाणं अचूक जुळली तरच अतिसममिती राहते, आणि खनिजं आपली प्रमाणं कोणाच्या सोयीनं ठरवत नाहीत. पण ‘शेजारी बसायचं नाही’ हा नियम पाळणारे अणू प्रयोगशाळेत मिळाले आहेत. लेझरनं अणूला खूप वरच्या, रिडबर्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेत नेलं की त्याचा प्रभाव इतका पसरतो की शेजारचा अणू त्या अवस्थेत जाऊच शकत नाही. २०१७ मध्ये हार्वर्डच्या मिखाइल लुकिन यांच्या गटानं ५१ रुबिडियम अणूंची अशी साखळी रचून दाखवली. त्या साखळीतल्या अवस्था समजून घ्यायला जो नकाशा वापरला जातो, तो १३ वर्षं आधी फेंडली, कृष्णेंदू सेनगुप्ता आणि सुबीर सचदेव यांनी काढला होता. एका मितीत फर्मिऑनांचं रूपांतर स्पिनांत करता येतं, त्यामुळे हे अणू फर्मिऑनांची जागा घेऊ शकतात. २०२२ मध्ये मिनार्झ, फान फोर्डेन आणि स्कौटेन्स यांनी रिडबर्ग अणूंवर थेट अतिसममित साखळी कशी उभारता येईल याचा आराखडा मांडला.

दुसऱ्या वाटेनं जाणारेही आहेत. अतिसममिती घालायची नाही, ती आपोआप उगवेल असा क्रांतिक बिंदू शोधायचा. तरुण ग्रोव्हर, शेंग आणि अश्विन विश्वनाथ यांनी २०१४ मध्ये विशिष्ट अतिवाहकांच्या कडेवर तसं घडू शकतं हे दाखवलं. तिथे ती लांबून पाहिल्यावरच दिसते. जालकाच्या एकेका जागेपाशी गेलात तर नसते. फेंडली-स्कौटेन्सच्या प्रारूपांत ती एका-एका जागेपर्यंत अचूक आहे, आणि म्हणून मोजणीही अचूक.

अलीकडे या मोजणीकडे संगणकशास्त्रज्ञ वळले आहेत. शून्य ऊर्जेच्या अवस्था म्हणजे आकारातली भोकं, आणि भोकं शोधणं हा आता उद्योग आहे. मोठ्या माहितीसंचाचे बिंदू रेघांनी जोडून त्या जाळ्यात कुठे पोकळ्या राहतात हे पाहणारी एक विश्लेषणपद्धती गेल्या दोन दशकांत रुजली आहे, आणि क्वांटम संगणक तिला वेग देतील अशी आशा अनेक वर्षं बोलून दाखवली जाते. २०२२ मध्ये मार्कोस क्रिचिन्यो आणि तमारा कोलर यांनी हा प्रश्न अतिसममित फर्मिऑनांच्या भाषेत उलटवला. कुठल्याही जाळ्यात ठरावीक मितीचं भोक आहे की नाही, हे ठरवणं म्हणजे त्याच्याशी जुळणाऱ्या जाळ्यावरच्या फर्मिऑनांना, त्यांची संख्या ठरवून दिली असता, शून्य ऊर्जेची अवस्था आहे की नाही हे ठरवणं. ते किती अवघड आहे, याची त्यांनी प्रतवारी केली. निर्देशांक मोजून सुटका होते ती चौकटी आणि वर्तुळांसारख्या नेटक्या जालकांवर. वेड्यावाकड्या जाळ्यावर तो शून्य आला की पुढे काही सांगता येत नाही. आणि तिथे ‘आहे’ की ‘नाही’ एवढं एका शब्दाचं उत्तर काढणंही, प्रतवारीच्या त्या पायरीवर, क्वांटम संगणकाच्याही आवाक्याबाहेरचं मानलं जातं.